विमानाच्या इंधनाचं ऐकून मी खूश का होत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. "सासरचा एवढा ऊस, आता त्याच्या इथेनॉलपासून विमानाचं इंधन होणार, मग तुझा चेहरा का पडतो?" मामा विचारतात, ऑफिसात विचारतात, परवा लग्नाच्या पंगतीतही विचारलं.

मी विरोधात नाहीये. बॅटरीवर दुबईला जाता येत नाही, मीही विमानानेच जाते, आणि 2027 पासून कोर्सियाखाली, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानांच्या कार्बनसाठीच्या जागतिक योजनेखाली, वाढीव कार्बनची भरपाई आपल्या विमान कंपन्यांनाही करावी लागणार. सरकारने आंतरराष्ट्रीय विमानांसाठी सॅफ, म्हणजे असं कमी कार्बनचं विमान-इंधन, मिसळायचं लक्ष्यही ठेवलंय, 2027 ला 1 टक्का, 2028 ला 2, 2030 ला 5. हे व्हायलाच हवं.

पण माहेरी आमच्या आण्णांनी जेट्रोफा लावला होता, तेलबियांचं झाड. 2003 नंतर बायोडिझेलसाठी त्याचा केवढा गाजावाजा, पडीक रानात येतो, पाणी लागत नाही, जनावर तोंड लावत नाही. दुष्काळी सांगोल्याकडचं आमचं मुरमाड रान, त्यांना पटलं. रोपं देणारा म्हणाला, बिया आम्हीच उचलू. सगळं तोंडी. झाडं जगली पण पाण्याशिवाय बी धरेना, जे थोडं आलं ते न्यायला कोणी फिरकलं नाही, पोती पडवीत पडून राहिली आणि तिकडे केंद्राच्या 2009 च्या जैवइंधन धोरणात 2017 पर्यंत 20 टक्के मिश्रण असं लिहिलं गेलं. शेवटी आण्णांनी उसने पैसे घेऊन जेसीबी लावला, झाडं उपटून टाकली. मग ऑगस्ट 2018, टीव्हीवर बातमी, जेट्रोफाचं इंधन मिसळून डेहराडूनहून दिल्लीला विमान आलं. आण्णा बघत राहिले, म्हणाले, "म्हणजे खोटं नव्हतं तर." आवाजात राग नव्हता, तेच मला सहन झालं नाही.

उसाचं तसं होणार नाही, त्याला कारखाना आहे, एफआरपी म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव आहे, असं मीच म्हणायचे. मे 2023 ला प्राज या पुण्याच्या कंपनीचं सॅफ मिसळून पुण्याहून दिल्लीला विमान गेलं तेव्हा तर जोरात म्हणायचे. पण त्याच डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंदी आणली, आठवड्याभरात थोडी सैल केली ते वेगळं, पण कर्ज काढून डिस्टिलरी वाढवणाऱ्यांनी काय करायचं?

युरोपात सॅफचं मिश्रण 2025 ला 2 टक्के ते 2050 ला 70 टक्के हे कायद्यात आहे, पुरवठादाराने कमी मिसळलं तर दंड. आपल्याकडेही खरेदीची अशी लेखी हमी द्या, एवढंच माझं म्हणणं. पण हमी मिळाली की ऊस वाढणार, आणि ऊस म्हणजे पाणी. सासरकडून हमी मागू की माहेरकडून ऊस आवरा म्हणू, मला अजून ठरवता आलेलं नाही.