पाच वाजून चौदा मिनिटांनी केलेला फोन : वीज तोडण्याच्या बनावट संदेशाचा माझा अनुभव

9 ऑगस्ट 2024 रोजी, नागपंचमीच्या संध्याकाळी 5 वाजून 14 मिनिटांनी मी आमच्या बँकेच्या मदत क्रमांकावर फोन केला होता. एवढी एकच गोष्ट शाखेकडून मान्य करून घेण्यासाठी मला अडीच महिने झगडावे लागले. ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांचे निदान हे अडीच महिने वाचावेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. आदल्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली होती. माझे सासरे, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, सकाळीच तिकडे जाऊन आले आणि दिवसभर जेवलेही नाहीत. दुपारी त्यांच्या मोबाईलवर संदेश आला की मागील महिन्याचे वीजबिल नोंदले गेलेले नाही, त्यामुळे आज रात्री 9.30 वाजता वीजपुरवठा तोडण्यात येईल, तरी पुढील क्रमांकावर अधिकाऱ्यांशी त्वरित संपर्क साधावा. जुलैच्या अखेरीस पंचगंगेने 43 फुटांची धोका पातळी ओलांडली होती आणि पुराच्या त्या दिवसांत आमच्याकडे वीज वारंवार गेली होती, त्यामुळे कुठेतरी नोंद राहिली असेल हे आबांना खरे वाटले. त्यांनी फोन केला. पलीकडच्या माणसाने आदराने बोलत त्यांना एक फाइल पाठवली, ती मोबाईलमध्ये बसवायला लावली आणि फक्त दहा रुपये भरण्यासाठी डेबिट कार्डाचा तपशील त्या फाइलमधून उघडलेल्या पानावर भरून घेतला.

ती फाइल एपीके प्रकारची, म्हणजे अँड्रॉइड मोबाईलमध्ये अॅप बसवणारी होती. असे अॅप एकदा बसले आणि त्याला संदेश वाचण्याची परवानगी दिली गेली की बँकेकडून येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर चोराकडे जातो. आबांनी कोणालाही तोंडी ओटीपी सांगितला नव्हता, आणि पुढे बँकेशी वाद घालताना हा मुद्दा मला पुन्हा पुन्हा मांडावा लागला.

मी उद्यमनगरातील एका कारखान्यात हिशेब पाहते. त्या बचत खात्यात दुसरे नाव माझे असल्याने व्यवहारांचे ईमेल मला येतात. 4.52 ला 24,900 रुपये आणि 4.57 ला 19,999 रुपये खात्यातून गेल्याचे दोन ईमेल मी पाच वाजल्यानंतर पाहिले. आबांचा फोन सतत व्यस्त लागत होता, कारण तो माणूस अजून त्यांच्याशीच बोलत होता. त्या क्षणी शेजारच्या काकूंना फोन करून आबांच्या हातातला मोबाईल काढून घ्यायला सांगणे मला सुचले नाही, याची खंत मला आजही आहे. मी बँकेला फोन केला, तक्रार क्रमांकाचा ईमेल मला 5.19 ला आला, मग 1930 या सायबर आर्थिक फसवणुकीच्या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि घराकडे निघाले. मी पोहोचण्यापूर्वी, 5.41 ला, आणखी 25,000 रुपये गेले.

“काय न्हाई गं, धा रुपयं भरून बिलाची नोंद करायची हुती,” असे आबा मला दारातच म्हणाले. मी काही न बोलता त्यांचा मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकला.

तिसरा व्यवहार कसा झाला हे मला नंतर कळले. फोनवर मी घाईत “कार्ड बंद करा” असे म्हणाले होते आणि त्यांनी तेवढेच केले. चोराने मात्र त्याआधीच कार्डाच्या तपशिलावरून आणि ओटीपीवरून खात्याचे नेट बँकिंग सुरू करून घेतले होते, त्यामुळे कार्ड बंद झाल्यावरही पैसे नेट बँकिंगच्या वाटेने गेले. म्हणून अशा वेळी कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग ही तिन्ही बंद करायला सांगावे आणि खात्यावर डेबिट फ्रीज लावा, म्हणजे खात्यातून काहीच बाहेर जाऊ देऊ नका, असे स्पष्ट शब्दांत म्हणावे.

शनिवार दुसरा होता आणि त्यानंतर रविवार, त्यामुळे शाखेत सोमवारी, 12 ऑगस्टला जाता आले. अर्जाच्या दोन प्रती, व्यवहारांचे ईमेल, 1930 वरील तक्रारीचा क्रमांक आणि माझ्या मोबाईलमधील कॉलची नोंद असे सगळे मी व्यवस्थित लावून नेले होते. काउंटरवरील अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला, ठेवून घेतला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का देण्यास नकार दिला. पोच कशासाठी हवी, असे त्यांनी मला विचारले. तक्रार आजच आली असल्यामुळे नोंद आजच्याच तारखेने होईल, असेही ते म्हणाले. मी 9 तारखेचा तक्रार क्रमांक दाखवला तेव्हा तो मदत केंद्राचा आहे, शाखेचा नाही, असे उत्तर मिळाले. एकाच बँकेचे दोन विभाग एकमेकांना ओळखत नाहीत हे मला समजेना, आणि समोरच्या माणसाला त्यात काही वावगे वाटत नव्हते.

तारखेसाठी मी एवढी का अडून बसले, हे येथे सांगितले पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हा लागू असलेल्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे फसवणूक झाली असेल तर बँकेला कळवण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे असे. आबांनी कार्डाचा तपशील दिला होता, तेव्हा पहिल्या दोन व्यवहारांबद्दल मी बँकेशी भांडले नाही. तिसरा व्यवहार मात्र मी कळवल्यानंतर 27 मिनिटांनी झाला होता. नोंद 12 तारखेची धरली तर तोही आमच्या माथी येत होता, म्हणजे शाखेच्या एका शिक्क्यावर 25,000 रुपये अवलंबून होते. सहकारी बँकांसाठी असेच परिपत्रक 14 डिसेंबर 2017 रोजी निघाले होते. आपल्या कोल्हापुरात निम्म्या ओळखीच्या लोकांची खाती सहकारी बँकांत असतात, म्हणून त्याचाही उल्लेख करून ठेवते.

मंगळवारी मी पुन्हा गेले. शाखा व्यवस्थापक रजेवर होते. आदल्या दिवशीच्याच अधिकाऱ्यांनी आता सांगितले की पोलिसांची एफआयआर आणा, त्याशिवाय अर्ज पुढे पाठवता येणार नाही. मी तेथून पोलीस ठाण्यात गेले. तेथील हवालदारांनी माझे सगळे नीट ऐकून घेतले, पण तपासासाठी बँकेचे शिक्का असलेले खाते उताऱ्याचे कागद आधी लागतील असे सांगितले. मी परत शाखेत आले, तर उतारा द्यायचा असेल तर खातेदाराने स्वतः यावे असे कळले. खात्यात माझे नाव आहे हे मी दाखवले, तेव्हा पहिले नाव ज्याचे आहे त्याने यावे, अशी अट आली. 78 वर्षांच्या आबांना, आधीच अपराधी वाटत असताना, मी दुपारच्या पावसात रिक्षाने शाखेत नेले. त्यांनी काउंटरसमोर उभे राहून सही केली आणि खिडकीपलीकडच्या माणसाने सर्वांसमोर त्यांना विचारले की एवढे शिकलेले असून तुम्ही असे कसे फसलात. आबांनी मान खाली घातली. त्या वाक्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. फसवणारे लोक दिवसभर हेच काम करतात आणि समोरचा माणूस आयुष्यात एकदाच त्यांच्या तावडीत सापडतो. त्याला शरमेने गप्प बसवले तर पुढचा माणूस तक्रार करायलाच येणार नाही.

उतारा मिळाला, पण पोच काही मिळाली नाही. 14 ऑगस्टला मी तोच अर्ज पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने शाखेला पाठवला आणि बँकेच्या संकेतस्थळावर दिलेल्या नोडल अधिकाऱ्यांच्या, म्हणजे तक्रारी पाहणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या, ईमेलवरही पाठवला. (1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, त्यामुळे आता स्पीड पोस्टानेच पाठवून पोहोचल्याचा पुरावा घ्यावा.) हे मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते. अर्जात मी परिपत्रकातील तीन गोष्टी लिहिल्या. तक्रार आल्यावर बँकेने तक्रार क्रमांकासह तत्काळ उत्तर देणे आणि त्याची वेळ नोंदवून ठेवणे बंधनकारक आहे. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. आणि ज्या व्यवहाराची जबाबदारी बँकेवर येते त्याची रक्कम कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती जमा करायची असते. खाली व्यवहारांच्या आणि फोनच्या वेळांचा तक्ता जोडला : 4.52, 4.57, 5.14, 5.19, 5.41.

तीस दिवस लेखी उत्तर आले नाही. शाखेत विचारल्यावर, तुम्ही फक्त कार्ड बंद करायला सांगितले होते, असे तोंडी सांगितले जाई. मी अनधिकृत व्यवहार कळवण्यासाठी फोन केला होता आणि 5.19 च्या ईमेलमध्ये तक्रारीचा विषय बँकेनेच तसा लिहिला होता. तो ईमेल मी जपून ठेवला नसता तर माझ्याकडे बोलायला काहीच उरले नसते. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, 18 सप्टेंबरला, मी रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या यंत्रणेकडे, ऑनलाइन तक्रार केली. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर तेथे जाता येते. त्याला शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. त्यानंतर बँकेची भाषा बदलली. 24 ऑक्टोबरला 25,000 रुपये खात्यात जमा झाले, आणि ते 9 ऑगस्टच्याच तारखेने जमा दाखवले आहेत का, हे मी सवयीने उताऱ्यात तपासले. ते तसेच दाखवलेले होते. उतारा आबांच्या हातात दिला तेव्हा मला झालेले समाधान पैशांपेक्षा मोठे होते.

दुसऱ्या व्यवहारातील 19,999 पैकी 14,300 रुपये 1930 वरील तक्रारीमुळे समोरच्या खात्यात गोठवले गेले होते. न्यायालयात अर्ज केल्यावर आदेशाने ते परत मिळाले. हा भाग वाटला त्यापेक्षा सोपा गेला. 1930 वर फोन करताना प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम आणि वेळ समोर लिहून ठेवावी, म्हणजे त्यांचा वेळ जात नाही, आणि उशिरा फोन केला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करावी.

मोबाईलबद्दल सांगायचे राहिले. अॅप काढून टाकण्यापूर्वी मी माझ्या मोबाईलने त्या संदेशाचे, क्रमांकाचे आणि अॅपच्या चिन्हाचे फोटो काढले, मग फोन पूर्णपणे कोरा करून पुन्हा सुरू केला. पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदलावेत, कारण बाधित फोनवर टाकलेला नवा पासवर्डही चोराला दिसू शकतो. कॉल दुसरीकडे वळवले आहेत का हेही पाहावे. ##002# डायल केल्यावर सर्व वळवणे रद्द होते.

संदेश ओळखण्याबाबत मी आबांना तीन खुणा कागदावर लिहून दिल्या आहेत. खऱ्या वीजबिलाच्या संदेशात आपला बारा अंकी ग्राहक क्रमांक असतो, त्या बनावट संदेशात तो नव्हता. तो संदेश साध्या दहा अंकी मोबाईल क्रमांकावरून आला होता, तर महावितरणचा संदेश नोंदणीकृत नावाने येतो. आणि 2025 पासून अशा नोंदणीकृत नावाच्या शेवटी पी, एस, टी किंवा जी हे अक्षर असते, त्यातील जी सरकारी संदेशासाठी आहे. शंका वाटली तर 1912 वर स्वतः फोन करावा, संदेशातील क्रमांकावर करू नये.

पैसे गेलेले नसतील आणि नुसता संशयास्पद संदेश आला असेल, तर संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षु’ येथे तो कळवता येतो. ही सोय मार्च 2024 पासून आहे आणि पैसे गेल्यानंतरच्या तक्रारीसाठी ती नाही. नको असलेल्या जाहिरातींच्या संदेशांसाठी 1909 आहे. तेथील तक्रार पूर्वी तीन दिवसांत करावी लागे, फेब्रुवारी 2025 मधील दुरुस्तीनंतर ही मुदत सात दिवस झाली आहे.

एकूण 69,899 रुपयांपैकी 39,300 परत आले. उरलेल्या 30,599 रुपयांची तक्रार अजून खुली आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी पोर्टलवर तिची स्थिती पाहते आणि तारखेसह वहीत लिहून ठेवते.