तीनशे मुलं आणि एक ट्रक

व्हँकूवरला येऊन दुसरं सेमिस्टर सुरू झालं. इथल्या एका विद्यापीठात मी पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवते. वर्गात जवळपास तीनशे मुलं, शेवटच्या रांगेतले चेहरेही ओळखू येत नाहीत. साताऱ्याला माझा एकशेवीस जणांचा वर्ग होता, तेव्हा तोच केवढा मोठा वाटायचा!

सुरुवातीला साताऱ्यासारखंच शिकवलं. फळा, सूत्रं, सोडवलेली गणितं आणि शेवटी "काही शंका?" कुणाचाच हात वर नाही. मला वाटलं, समजलंय. पहिल्या चाचणीचे पेपर तपासताना डोळे उघडले.

मग एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी मला त्यांच्या तासाला बसायला बोलावलं. पडद्यावर प्रश्न आला: भरलेला ट्रक छोट्या गाडीला धडकला, तर जास्त बल कोण कोणावर लावतं? आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करून क्लिकरवर, म्हणजे हातातल्या छोट्या रिमोटचं बटण दाबून, उत्तर द्यायचं. बहुतेकांचं उत्तर, ट्रक. बाईंनी चूक की बरोबर हे सांगितलंच नाही, कुणी काय निवडलं तेही दाखवलं नाही; नाहीतर मुलं गर्दीच्या मागे जातात. त्या एवढंच म्हणाल्या, "आता शेजाऱ्याला पटवा."

सभागृहात एकदम गलका झाला. माझ्या पुढच्या रांगेतला मुलगा विचारत होता, "चुराडा गाडीचा होतो, मग बल सारखं कसं?" शेजारीण म्हणाली, "बल सारखंच, पण गाडीचं वस्तुमान कमी, म्हणून तिचं त्वरण जास्त." मी हे याहून सोपं करून सांगू शकले नसते. तिला ते नुकतंच उमगलं होतं, त्यामुळे अडतं कुठे हे तिच्या लक्षात होतं. पुन्हा मतं घेतली तेव्हा बहुतेक जण बरोबर उत्तरावर आले होते.

ही पद्धत हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी 1991 च्या सुमारास रुजवली. याच शहरातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वीमन यांच्या गटाने पहिल्या वर्षाच्या फिजिक्सच्या दोन मोठ्या वर्गांवर आठवडाभर प्रयोग केला. तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. एका वर्गाला अनुभवी, मुलांच्या आवडत्या प्राध्यापकांनी व्याख्यान दिलं; दुसऱ्यात नवख्या शिक्षकांनी प्रश्न आणि चर्चा घेतल्या. चाचणीत पहिल्या वर्गाची सरासरी 41 टक्के, दुसऱ्याची 74. हे आकडे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते.

मेहनत आहे ती प्रश्न घडवण्यात. सगळ्यांना येणारा प्रश्न वाया जातो, कुणालाच न येणाराही. पहिल्या फेरीत साधारण तीस ते सत्तर टक्के बरोबर आले, तरच चर्चेत जीव येतो. काही मुलं कुरकुरतात, "तुम्हीच सांगा ना." तेव्हा मोह आवरावा लागतो.

साताऱ्याच्या माझ्या मैत्रिणींनो, क्लिकर नसले तरी अडत नाही. कागदाची चौघडी करा, चारही बाजूंना वेगळ्या रंगात अ, ब, क, ड लिहा आणि तुमच्या खुणेसरशी सगळ्यांनी आपल्या उत्तराचं अक्षर तुमच्याकडे करून एकाच वेळी छातीशी धरायला सांगा. रंगांवरून वर्ग एका नजरेत कळतो. आणि प्रश्नात ट्रकऐवजी एसटी घाला, गाडीच्या जागी रिक्षा.