तारणहार आणि सापवाला

'तारणहार' हा शब्द घरात कोणी उच्चारत नाही. त्याचा मुक्काम फ्लेक्सवर. साहेबांचा वाढदिवस आला की चौकात तो 'कैवारी', 'आधारवड' आणि 'भाग्यविधाते' यांच्या पंगतीला बसतो. खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. एरवी वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर त्याचं बरं चाललेलं असतं. सहा बाद साठवरून कोणी डाव सावरला, की झाला तारणहार.

क्रियापद मात्र आपलं, रोजच्या वापरातलं. 'मराठीने तारलं, गणिताने मारलं' हा दहावीच्या निकालाचा घरोघरचा सारांश. भाजी बिघडली, पण लोणच्याने तारलं. बँकेत गेलात तर पहिला प्रश्न, तारण काय ठेवताय? सोनं, घर, गोदामातलं सोयाबीन, काहीही चालतं. विनातारण तारणारा अजून तरी एक देवच. बाकी सगळीकडे कागदपत्रं लागतात.

'वाली'ची तऱ्हा आणखी वेगळी. हा गृहस्थ कायम गैरहजर. 'गरिबाला कोणी वाली उरला नाही' असंच त्याचं नाव निघतं. 'परवा मला एक वाली भेटला' असं कोणी खुशीत सांगेल का?

खरा वाचवणारा समोर उभा राहिला की यातलं काहीच आठवत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, तेव्हा तिथल्या बायकांनी बचावाला आलेल्या जवानांना राख्या बांधल्या. भाऊ म्हटलं, विषय संपला.

सापाच्या बाबतीत आपण 'सर्पमित्र' म्हणतो. यात सुटका सापाची की आपली, हे सोयीस्कर मोघम. गेल्या पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये धामण निघाली. अख्खी सोसायटी जिन्यात, निम्मी व्हिडिओ काढतेय. एक कॉलेजातलं पोरगं आलं, डोक्यावर हेल्मेट तसंच. स्कूटरमागून आकड्याने तिला ओढलं, शेपटी धरली, कापडी पिशवीत सोडून गाठ मारली. वरून काकू ओरडतायत, "अरे, जपून!"

"काकू, बिनविषारी आहे. उंदरांमागे आलेली. तुम्ही तेवढा कचऱ्याचा डबा झाकत जा."

चहा नको म्हणाला, वनखात्याला कळवायचं होतं. नाव विचारायचं राहूनच गेलं. नंबर मात्र सगळ्यांनी घेतला. केबलवाला, गॅसवाला यांच्या जोडीला आता आमच्या फोनमध्ये 'सापवाला' आहे.