मोराला दिसलेला दुसरा मोर

सकाळी साडेसहाला काकांचा फोन. "अगं, काचेवर कोणीतरी दगड मारतंय, ताबडतोब ये." मी आर्किटेक्ट, त्यांचं घर मीच डिझाइन केलेलं. घर बडोद्याला सेवासीच्या पुढे, मी दांडिया बाजारात, चहा तसाच टाकून स्कूटर काढली. जाऊन बघते तर दगड-बिगड काही नाही, मोर. काचेतल्या मोराशी भांडत होता. उडी मारायची, दोन्ही पाय काचेवर आपटायचे, मागे जायचं, परत उडी. काका म्हणाले तीन दिवस झाले.

हे काका-काकू रावपुऱ्यातल्या जुन्या घरातून इकडे आलेले. तिथे खिडकीतून समोरच्याची खिडकी दिसायची, म्हणून इथे एकच हट्ट, हॉलमध्ये बसलं की बाग आत आल्यासारखी वाटली पाहिजे. मी जीव ओतला त्यात. आतली कोटा दगडाची फरशी तशीच बाहेर नेली, सांध्याला सांधा जुळवून, आत पॉलिश आणि बाहेर रफ. बारा फुटी स्लायडिंगचा ट्रॅक फरशीत बुडवला, खाली पाण्याला वेगळी वाट काढली, बाहेर उतार दिला. उंबरठा नाहीच. कॉन्ट्रॅक्टर दहा वेळा म्हणाला "बेन, पाणी अंदर आवशे", आणि पहिल्या पावसात एक थेंब आत आला नाही. हे मी आजही सगळ्यांना सांगते.

घोळ काचेत झाला. बागेचा व्ह्यू पश्चिमेला. दक्षिणेचं ऊन छज्जाने अडवता येतं, बडोद्यात जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि डिसेंबरमध्ये साधारण 44 अंशांवर, हिशोब सोपा आहे. पश्चिमेचं ऊन मात्र चार-पाच वाजता आडवं येतं, त्याला छज्जा काय करणार. मी आठ फूट ओसरी काढली होती, खाली उतरती कौलं, बांबूच्या चिका, म्हणजे पडदे. काका म्हणाले ओसरीने व्ह्यू कापला जातो, आणि त्यांच्या मुलाने कुठल्यातरी रीलमधली काचेची पेटी पाठवली. मी मान डोलावली. मग उष्णतेसाठी रिफ्लेक्टिव्ह काच आली, विकणारा म्हणे "बाहेरून कुणाला आतलं दिसणार नाही, प्रायव्हसी फ्री." बाहेरून आरसा होणार, आणि पावसाळ्यात पिसारा फुलवून हद्द राखणाऱ्या मोराला त्यात दुसरा मोर दिसणार, हे ना त्याला सुचलं ना मला. पाच वर्षं डिग्री केली, एका पेपरात मोर नव्हता!

काकूंनी आतून पडदे ओढले होते. त्याने आरसा उलट आणखी स्वच्छ, कारण आत अंधार आणि बाहेर उजेड. हाकलावा तर तो राष्ट्रीय पक्षी, वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, काका काठी घेऊन निघाले तेव्हा मीच हात धरला. शेवटी काकूंनी ट्रंकेतल्या जुन्या नऊवारी काढल्या आणि काचेच्या बाहेरून दोरीवर वाळत घातल्या. मोर पाच मिनिटं शोधत राहिला, मग भिंतीवर जाऊन ओरडत बसला.

म्हणजे लाखांची काच, आणि बघायला मिळतात साड्या. इंटिरियरवाल्याने यातही मोराचा व्हिडिओ काढून टाकला, साड्या येणार नाहीत अशा अँगलने.

तेव्हापासून डोक्यात एकच. ओसरी असती तर ऊन तिथेच थांबलं असतं, साधी काच चालली असती. पण साध्या काचेतही थोडं प्रतिबिंब असतंच, मग तरी मोर आला असता का? मला खरंच सांगता येत नाही. मी ओसरीचं ड्रॉइंग परत काढून पाठवलंय, कॉन्ट्रॅक्टरचा भावही जोडलाय. काका विचार करून सांगतो म्हणाले. गणपतीत मी त्यांच्याकडे दर्शनाला गेले तेव्हा मोराची पिसं गळायला लागली होती, काचेकडे फिरकत नव्हता म्हणे.

साड्या मात्र अजून दोरीवरच होत्या.