जुना संगणक देण्यापूर्वी त्यातल्या डिस्कचे काय करावे

विंडोज १० चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षा अद्यतनांचा पुरवठा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ न चालणारे पुष्कळ चांगले संगणक घराघरांतून बाहेर पडू लागले. कोणी ते पुतण्याला देतो, कोणी गावच्या शाळेला, तर कोणी सरळ भंगारात घालतो. देणाऱ्याची समजूत अशी असते की फाइली डिलीट केल्या, रीसायकल बिन रिकामा केला, म्हणजे संगणक कोरा झाला.

तसे होत नाही. डिलीट केल्यावर डिस्कवरची फक्त नोंद जाते. सातबाऱ्यावरून नाव कमी केले म्हणून शेतातले उभे पीक नाहीसे होत नाही, तसाच हा प्रकार आहे. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत आधार आणि पॅनच्या स्कॅन केलेल्या प्रती, फॉर्म १६, बँकेची विवरणपत्रे हे सारे फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनेही परत काढता येते. डिस्क झटपट रिकामी दाखवणाऱ्या क्विक फॉरमॅटनेही यात फरक पडत नाही. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतील सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलाट यांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू स्थितीतल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या केवळ १२ होत्या, आणि बाकीच्यांतून क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक हाती लागले.

फिरत्या तबकड्यांची जुनी हार्ड डिस्क असेल तर उपाय सोपा आहे. विंडोजच्या ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडावे आणि तिथेच न थांबता ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘क्लीन डेटा’ चालू करावे. हा पर्याय आपणहून चालू नसतो, आणि नेमके इथेच बहुतेकांचे काम अर्धवट राहते. पुसायला काही तास लागतात. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवावा. पस्तीस वेळा पुसावे लागते, ही संगणकतज्ज्ञ पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या लेखावरून पसरलेली समजूत आजच्या डिस्कना लागू नाही. संपूर्ण डिस्कवर एकदा लिहिले की पुरते.

एसएसडीची, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपांवर साठवण करणाऱ्या नव्या डिस्कची, गोष्ट वेगळी आहे. तिच्यातले नियंत्रक सर्किट झीज सारखी व्हावी म्हणून प्रत्येक नवी नोंद वेगवेगळ्या जागी टाकते आणि काही जागा तर आपल्या आवाक्याबाहेर राखून ठेवते; त्यामुळे वरून कितीही लिहिले तरी जुनी प्रत कुठेतरी शिल्लक राहू शकते. तिच्यासाठी ‘सिक्युअर इरेज’ हा डिस्कचाच अंगभूत आदेश वापरावा. तो डिस्कच्या निर्मात्याच्या सॉफ्टवेअरमधून किंवा काही लॅपटॉपांच्या बायोसमधून (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमधून) देता येतो. संगणक पहिल्या दिवसापासून विंडोजमधल्या बिटलॉकरसारख्या कूटबद्धतेखाली असेल, म्हणजे मजकूर चावीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात साठवला जात असेल, तर चावी नष्ट झाल्यावर उरलेला मजकूर कोणाच्याही उपयोगाचा राहत नाही. नवा संगणक घेणाऱ्याने ही सोय पहिल्याच दिवशी चालू करावी, आणि पुनर्प्राप्तीची चावी अर्थातच दुसरीकडे जपून ठेवावी.

पुसण्याआधी खात्यांकडेही पाहायला हवे. फोनवरील व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून तो संगणक काढावा, गूगल खात्यातून तो साइन आउट करावा. क्रोममधले पासवर्ड मात्र सिंक (सर्व उपकरणांवर एकच माहिती ठेवणारी सोय) चालू असताना पुसायला जाऊ नये, कारण ते फोनवरूनही जातील.

आणि डिस्क बिघडलेली असेल, संगणक चालूच होत नसेल, किंवा हा खटाटोप जमणारा नसेल, तर डिस्क काढून घेऊन संगणक तिच्याविना द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डेस्कटॉपमधली डिस्क दोन केबली आणि चार स्क्रूंवर सुटते. लॅपटॉपमध्ये खालचे झाकण उघडावे लागते, आणि काही पातळ लॅपटॉपांत साठवण मदरबोर्डलाच जोडलेली असल्याने ती निघतच नाही. घेणाऱ्याला नव्या डिस्कचे पैसे आपण दिले तरी व्यवहार महागात पडत नाही. काढलेली डिस्क घरी ठेवायची नसेल, तर तबकड्यांना आरपार भोके पाडून, किंवा एसएसडी असल्यास तिच्यातल्या प्रत्येक चिपचा चुरा करून, ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी.