दुसऱ्या भेटीतली शाबासकी

आहारतज्ज्ञाचा बराचसा वेळ लोकांच्या आहारनोंदी वाचण्यात जातो आणि एखादी नोंद रोजच्या रोज लिहिलेली आहे की भेटीच्या आदल्या रात्री एका बैठकीत उरकलेली आहे, हे अक्षरावरूनच कळते. एकसष्ट वर्षांच्या त्या बाईंची वही मात्र इतकी नेटकी होती की मला शंकाच आली नाही.

पहिल्या भेटीत त्यांचे वजन ८४ किलो होते. दिवसाला सुमारे ५०० कॅलरींची तूट, प्रत्येक जेवणात प्रथिने, आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम, अशी आखणी मी करून दिली. दोन आठवड्यांनी ४ किलो उतरलेले पाहून मी त्यांना मनापासून शाबासकी दिली.

सहाव्या आठवड्यात काटा ७५ वर आला तेव्हा सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आकडा खाली आला की आमच्याकडे पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. केसपेपरवर रकानाही फक्त वजनाचाच आहे. मला खटकले ते वेगळेच. खुर्चीतून उठताना बाईंनी दोन्ही हातांनी जोर लावला. मी त्यांची खुर्चीची चाचणी पुन्हा घेतली. हात छातीवर बांधून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते, एवढेच त्यात मोजायचे असते. खुर्ची आणि घड्याळ यांखेरीज काही लागत नाही, तरीही ती क्वचितच घेतली जाते. पहिल्या भेटीत त्या १४ वेळा उठल्या होत्या, आता ९ वेळा. अंगावरचे ९ किलो ओझे उतरल्यावर उठणे सोपे व्हायला हवे होते.

मग खरे काय ते बाहेर आले. त्या दिवसातून एकदाच जेवत होत्या, दोन तास चालत होत्या आणि बळकटीचे व्यायाम ‘त्याने वजन उतरत नाही’ म्हणून त्यांनी सोडून दिले होते. वही म्हणजे माझ्याच तक्त्याची नक्कल होती. चरबीबरोबर स्नायूही झिजत होते.

रात्री मी जो हिशेब मांडला, तो दुसऱ्या भेटीतच मांडायला हवा होता. एक किलो चरबीमागे साधारण ७७०० कॅलरी धरल्या, तर माझ्या आखणीने चौदा दिवसांत जेमतेम एक किलो चरबी जायला हवी होती. कमी खाल्ल्यावर ग्लायकोजेन, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, वापरले जाते आणि त्याबरोबर त्याच्या सुमारे तिप्पट पाणी शरीराबाहेर पडते, ते जमेस धरूनही ४ किलोंचा मेळ बसत नव्हता. मी मात्र आकड्यावर खूश होऊन पुढचा रुग्ण बोलावला होता.

जेवण वाढवल्यावर पहिल्या आठवड्यात पाण्यामुळे वजन किलो-दीड किलोने वाढेल, घाबरू नका, असे मी त्यांना आधीच सांगितले होते. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “पण मॅडम, तेव्हा तर तुम्हीच शाबास म्हणाला होतात.” मला उत्तर सुचले नाही.

पुढच्या भेटीत वजन ७६.४ भरले आणि खुर्चीवरून त्या १० वेळा उठल्या. रकाना नसल्याने तो १० मी कागदाच्या समासात लिहिला. बाईंची नजर वजनाच्या आकड्यावरून हलली नाही.