घोंगडीचं सूत माझ्या सुयांवर

रविवार, रात्री साडेदहा

नाशिकला डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर हस्तकला प्रदर्शन भरलंय, तिथे आज शेजारच्या काकूंबरोबर जाऊन आले. काकू पंच्याहत्तरीच्या, पण अजून दहा नंबरच्या सुयांवर चष्म्याशिवाय विणतात. आम्हा दोघींबरोबर कुणी तिसरं यायला धजत नाही, कारण आम्ही एकेका स्टॉलवर खिळून बसतो. विणणाऱ्या बाईचा हात आधी वस्तूच्या उलट बाजूला जातो. धागा कुठे संपवलाय, गाठ कुठे दडवलीय, हे कळल्याशिवाय पुढे पाऊल पडत नाही.

येवल्याच्या पैठणीपाशी तेच झालं. मी पदर उलटा करून पाहिला. हातमागाच्या पैठणीत मोर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत. कारण मोराच्या प्रत्येक रंगाची स्वतंत्र छोटी कांडी असते. तो रंग आपल्या जागेपुरताच जातो, शेजारच्या रंगात अडकतो आणि परत फिरतो. स्वेटरवर मोठं चित्र विणताना आपणही हेच करतो. रंग बदलताना दोन धाग्यांनी एकमेकांना वळसा घातला नाही तर तिथे भोक पडतं. विणकर दादांना मी हे सांगितलं, तर त्यांनी मागावरचा अर्धा पदर दाखवत मला वळसा कुठे आहे ते बोटाने दाखवलं. इतकी वर्षं पैठणी बघतेय, पण हा सांधा इतक्या जवळून आज पहिल्यांदा पाहिला.

पुढे बचत गटाच्या ताईंचा स्टॉल होता. बाळाची टोपडी, मोजे, क्रोशाची तोरणं. काम सुबक होतं, आणि किंमत इतकी कमी की मला वाईट वाटलं. ‘हे काय, घरीच होतं’ म्हणून लोक घासाघीस करतात, असं त्या म्हणाल्या. मी एक टोपडं सांगितल्या किमतीला घेतलं. लोकर अर्थातच ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धाग्याची. मेन रोडला मिळते तीच, मीही तीच वापरते. धुवायला सोपी, रंग पक्का, लहान बाळाला टोचत नाही. तिला नावं ठेवायचं मला काहीच कारण नाही.

पण खरी मी अडकले ती शेवटच्या रांगेत, घोंगड्यांच्या स्टॉलवर. संगमनेरकडचे एक काका होते. लोक घोंगड्या उलगडून बघत होते आणि माझी नजर मागे ठेवलेल्या टोपलीवर. तिच्यात हाताने कातलेल्या काळ्या सुताचे गुंडे होते. काळे म्हणजे रंगवलेले नव्हेत. दख्खनी मेंढीचीच लोकर काळी, कुठे तपकिरी झाक, मधेच एखादा पांढरा केस. नाकाजवळ नेलं तर मेंढीचा वास अजून शाबूत.

“काका, हे सूत विकता?”

“सूत कोण घेतंय ताई? घोंगडी घ्या की.”

मी विणते म्हटल्यावर त्यांनी एक गुंडा हातात दिला आणि सगळं सांगत बसले. मेंढ्या वर्षातून दोनदा कातरतात. सूत घरातल्या बाया काढतात. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावून कुंच्याने बसवतात, मग खड्ड्याच्या मागावर विणकाम. ‘आता लोकरीला भाव नाही, कातरणीचे पैसेसुद्धा निघत नाहीत,’ असंही म्हणाले. काकूंनी मधेच विचारलं, “मग लोकरीचं करता काय?” काका म्हणाले, “टाकून देतात कितीक जण.”

हे ऐकल्यापासून मला चैन नाही. दिवाळीनंतर सिन्नरच्या रस्त्याला मेंढ्यांचे कळप लागतात, शेतकरी खतासाठी वावरात मेंढ्या बसवून घेतात, हे आपण सगळे बघतो. त्या मेंढ्यांच्या अंगावरची लोकर फुकट जाते आणि आम्ही विणणाऱ्या बायका लुधियानाहून आलेले गुंडे घेतो. मला स्वतःला आजवर हे कधी सुचलंही नव्हतं.

मान्य, ही लोकर स्वेटरची नाही. मेरिनो या मऊ लोकरीच्या मेंढीचा तंतू साधारण २४ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतो. आपली दख्खनी लोकर त्याहून कितीतरी जाड आणि केसाळ, गळ्याशी अर्धा तास सहन होणार नाही. पण सगळं विणकाम गळ्याशीच कुठे लागतं? आसन, पिशवी, घरात घालायच्या जाड सपाता, थंडीत खुर्चीवर टाकायला चौकोन. याला ॲक्रिलिकपेक्षा हीच लोकर टिकेल.

घरी आल्या आल्या धागा जाळून पाहिला. केस जळल्याचा वास आला, काळी राख झाली, बोटाने चुरली. ॲक्रिलिकचा तुकडा वितळला आणि टोकाला टणक मणी झाला. मग आठ नंबरच्या सुयांवर वीस टाके घातले. एक सुई, म्हणजे एक ओळ, सुलट, एक उलट असं चार बोटं विणलं, आणि तुकडा चक्क एका बाजूला कलला. धागा दोन बोटांत सैल धरला तर तो स्वतःभोवतीच गुंडाळत होता, तेव्हा कारण कळलं. घोंगडीचं सूत एकपदरी आणि कडक पिळाचं असतं. मागावर ताणून बसवलं की तो पीळ धरून राहतो, सुईवरच्या सैल टाक्यात मात्र तो वाट काढतो. सगळ्या सुया सुलट विणून पाहिल्या, तर कल बराच कमी झाला.

खरा उपाय काकूंनी काढला. त्यांच्याकडे शाळेतल्या सूतकताईची टकळी अजून आहे. दोन पदर एकत्र घेऊन टकळी उलट्या दिशेने फिरवली, पहिला पीळ थोडा उतरला आणि दोन्ही पदर एकमेकांवर शांत बसले. हातभर धागा झाला तेवढ्यात काकूंचा हात भरून आला, पण त्या हातभर धाग्याचे टाके सरळ उभे आहेत. नमुना कोमट पाण्यात भिजवून, न पिळता, टॉवेलवर पसरून ठेवलाय. ही लोकर गरम पाण्यात चोळली तर घट्ट आवळते, सपातांसाठी पुढे तेच करून बघायचंय.

काकांचा नंबर घेऊन ठेवलाय. उद्या फोन करून सांगणार आहे की पुढच्या कातरणीनंतर घरातल्या बायांना पीळ जरा सैल ठेवायला सांगा आणि दोन किलो सूत माझ्यासाठी बाजूला काढा. भाव त्यांच्या कष्टाला परवडेल तोच, पैसे आधी पाठवते. अर्धं काकू घेणार म्हणतात.